पेरापेराला मूळ

बोरगाव मेघेत सीताबाईच्या अंगणात घर बांधताना उरलेली रेतीच रेती होती, अन् शेजारच्या निकेशच्या पाण्याच्या फिल्टर प्लांटमधून पाइपानं बाहेर सोडलेलं खारं पाणी तिथंच मुरायचं. झेंडू जळाला, कढीपत्ता जळाला. सीताबाईनं रत्नागिरीच्या लेकीकडून किनाऱ्यावरची मर्यादवेल आणून लावली.

“समुद्राची वेल इथं?” निकेश हसला. “सिमेंटचे गट्टू बसवून टाका ना, काकू.”

वेल पसरत त्याच्या पाइपापर्यंत पोचली, तेव्हा त्यानं विळ्यानं तिचे तुकडे करून रेतीवर फेकले. सीताबाईचं डोकं फिरलं, पण ती भांडली नाही. तिनं एकेक तुकडा रेतीत दाबला. चार महिन्यांत पेरापेराला मुळं धरली अन् अंगण जांभळ्या फुलांनी भरलं.

मग ती विळा घेऊन निकेशच्या दारात उभी राहिली.

“घे बाबू, आखीन काप. मांगचा कोपरा रिकामाच हाय.”