हुक खाली ठेव

आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी आइस्क्रीमचा एक डबा आहे आणि त्यात आइस्क्रीम नाही, हे मी माझ्या नवऱ्याला, रॉसला, तीनदा सांगितलं होतं. तरी रविवारी जेवण झाल्यावर त्याने वाटी-चमचा घेऊन तो उघडलाच. मग वाटी ओट्यावर ठेवून तो मुकाट्याने बाहेर लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"किती उरलेत?" परत आत आल्यावर त्याने विचारलं.

"नऊ."

"आणि तिने किती खाल्ले?"

"माहीत असून विचारू नकोस," मी म्हणाले. "शून्य."

बारा गोठवलेले उंदीर आले होते. त्यातले तीन त्याच लिंबाखाली पुरलेले आहेत. यंदाची लिंबं मी शेजाऱ्यांना वाटून टाकणार आहे.

ती म्हणजे पर्ल. माझ्या धाकट्या भावाची, डार्सीची पाळीव अजगरीण. मनगटाएवढी जाड, दोन मीटर लांब, अंगावर जुन्या सतरंजीसारखी नक्षी. डार्सी सोळा वर्षं तिच्यासोबत रॉबिनव्हेलला नदीकाठी कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहिला. या उन्हाळ्यात साखरेच्या आजाराने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि त्याला बेंडिगोच्या वृद्धाश्रमात जावं लागलं. तिथे मांजर चालते, पोपट चालतो, अजगर चालत नाही. त्याच्या शेजारणीने, टॅम्सिनने, दहा ठिकाणी विचारून पाहिलं आणि शेवटी ती पर्लला पेटीसकट गाडीत घालून रेड क्लिफ्सला माझ्या दारात उभी राहिली. येताना तिचा चेहरा असा होता, जणू मी तिला झाडूने हाकलणार.

मी हो म्हणाले. अजगर पाळायचा परवाना माझ्या नावावर करून घेतला, मागच्या खोलीतलं शिवणाचं मशीन उचलून ओसरीत टाकलं आणि तिथे पर्लची काचेची पेटी मांडली. रॉस नुसता बघत राहिला. पालीला पाहून टेबलावर चढणारी बाई मी.

कारण सांगते. डार्सी आणि मी आठ वर्षं बोललो नव्हतो.

आईच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. आमच्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, बाहेर दहिवर पडलेलं. डार्सी उशिरा आला, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. व्हेरा मावशीने केकची बशी त्याच्यापुढे केली आणि त्याच्या कोटातून पर्लने तोंड बाहेर काढलं. बशी पडली, मावशी पडली, चहाचं भांडं उलथलं. आणि मी भरल्या हॉलमध्ये ओरडले, "आई तुझी वाट बघत बघत गेली, आणि तू हे जनावर घेऊन आलास?" तो म्हणाला, "हे जनावर मला टोचत नाही, नोली." आणि निघून गेला.

मी टोचते, हे खरं आहे. माझ्या पायाला भिंगरी आणि जिभेला सुई. आई म्हणायची, नोलीनला पुतळ्याशेजारी उभं केलं तर पुतळासुद्धा सरकून बसेल. डार्सीला मी लहानपणापासून टोचत आले. शाळा का सोडलीस, लग्न का मोडलंस, दाढी का करत नाहीस. त्या दिवशी त्याच्या कॅरॅव्हॅनमधला हीटर बंद पडला होता आणि पर्ल थंडीने मेली असती, म्हणून त्याने तिला छातीशी धरून आणलं होतं. हे मला नंतर कळलं. कळूनही मी फोन केला नाही. माफी मागायचं मला कधी जमलंच नाही, म्हणून मी साप ठेवून घेतला.

आणि आता साप खात नव्हता. आमच्याकडे येऊन त्याला महिना झाला होता आणि त्याआधी डार्सीच्या इस्पितळाच्या धावपळीत दोन महिने उपास घडला होता. पर्लच्या पाठीचा कणा आता हाताला लागायला लागला होता. टॅम्सिनने फोनवर सांगितलं होतं, "सोमवारी सकाळी मी येते. स्वान हिलला एक माणूस आहे, त्याच्याकडे असे बारा अजगर आहेत, तो बघेल तिचं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." म्हणजे रविवार शेवटचा. पर्ल गेली की डार्सीपर्यंत जायला माझ्याकडे काहीच उरत नव्हतं.

चार वाजता मी उंदीर पिशवीत घालून कोमट पाण्याच्या बादलीत सोडला. मग पेटीपाशी गेले. पर्ल लाकडी खोक्यात वेटोळं करून होती. काच पुसली. दिव्याखालचा थर्मामीटर बघितला. बादलीपाशी आले, पाणी बदललं. परत पेटीपाशी गेले, पाण्याचं भांडं जरा डावीकडे सरकवलं. मग उजवीकडे.

"नोली," रॉस खुर्चीतून म्हणाला, "तू तिच्या जागी असतीस आणि जेवायच्या आधी कुणी पाच वेळा टेबल पुसलं असतं, तर?"

"मी जेवले असते."

"तू जेवली असतीस," तो म्हणाला. "तू टेबलसुद्धा पुसलं असतंस."

रॉसने चाळीस वर्षं कालव्याची दारं उघडली आणि बंद केली. पाणी येईपर्यंत थांबायचं, हाच त्याचा धंदा. माझा नवरा कधी घाईत होता, असं मला आठवत नाही, लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही.

साडेचारला मी सगळं टॅम्सिनने सांगितलं होतं तसंच केलं. पेटीबरोबर एक लांब चिमटा आला होता आणि एक हुक, म्हणजे टोकाला वाकवलेली काठी. टॅम्सिन म्हणाली होती, "डार्सी काच सरकवली की आधी हुक तिच्या पाठीवर हळूच टेकवायचा. मग ती लोण्यासारखी. मी शंभर वेळा पाहिलंय." मी काच सरकवली. हुक टेकवला, अगदी हळूच, झोपलेल्या माणसाला उठवतात तसा. मग हुक बाजूला ठेवून चिमट्यात उंदीर धरला आणि तिच्या तोंडापुढे हलवला.

पर्लने जीभ काढली. उंदराकडे पाहिलं. मग तोंड वळवून पलीकडच्या भिंतीकडे बघत बसली.

मी थांबले. एक मिनिट थांबले असेन. मग पुन्हा हुक टेकवला, पुन्हा उंदीर पुढे केला. तिने मान आणखी आत घेतली. माझा हात भरून आला, उंदराच्या शेपटीतून पाणी माझ्या चपलेवर टपकलं आणि माझा संताप झाला. "अगं खा ना बाई!" मी ओरडले. "काय पाहिजे काय तुला? चटणी देऊ?"

"फोन कर त्याला," रॉस दारातून म्हणाला.

"कुणाला?"

"पोपला. कुणाला म्हणजे?"

"नाही करणार."

"मग दे उद्या तिला टॅम्सिनकडे."

"तू मध्ये बोलू नकोस. तुझा भाऊ असता तर—"

"माझा भाऊ असता तर मी आठ वर्षांपूर्वीच केला असता," रॉस म्हणाला. आवाज चढवला नाही त्याने, पण मला लागलं. "आणि नोली, पेटीच्या झाकणाच्या आत त्याने नंबर लिहून ठेवलाय. तुला महिन्यापासून माहीत आहे. मलाही."

मला माहीत होतं. जाड काळ्या पेनाने, डार्सीच्या तिरक्या अक्षरात. रोज दिवा तपासताना मी तो वाचत होते आणि झाकण लावत होते.

उंदीर परत बादलीत टाकला. पाणी गरम केलं. ओसरीत गेले, परत आले, परत गेले. शेवटी झाकण उचललं, नंबर फिरवला आणि फोनचा स्पीकर लावून तो पेटीवर ठेवला.

"हां, कोण?"

आवाज म्हातारा झाला होता. मी ठरवलेलं सगळं विसरले.

"ती खात नाही," मी म्हणाले.

तिकडे मागे टीव्हीवर फुटबॉलचा गोंगाट चालला होता. तो बंद झाला.

"नोली?"

"नाहीतर कोण? आणखी कुणाकडे तुझा साप आहे?"

"उंदीर गरम करतेस?"

"करते."

"किती?"

"अंघोळीच्या पाण्याएवढा."

"माणसांच्या अंघोळीच्या, की तुझ्या?"

"डार्सी, तू थट्टा करणार असशील तर मी ठेवते फोन."

"बरं, बरं. काच उघडतेस. मग?"

"मग तू करतोस तसंच. हुक पाठीवर टेकवते, मग—"

"काय करतेस?"

"हुक टेकवते. टॅम्सिनने सांगितलं तसं."

तिकडून घशातून घरघर आल्यासारखा आवाज आला. मला वाटलं त्याला काहीतरी झालं. तो हसत होता.

"अगं बाई, टॅम्सिनने मला तिला खेळवायला बाहेर काढताना पाहिलंय. जेवायला घालताना मी कुणाला आत येऊच देत नाही. हुक लागला की पर्लला कळतं, आता जेवण नाही, आता हात येणार आहेत, चावायचं नाही. सोळा वर्षं खपून शिकवलंय मी तिला ते."

"म्हणजे मी—"

"म्हणजे तू दर वेळी तिचं पान वाढतेस आणि वर दटावतेस, खबरदार तोंड लावशील तर."

माझी कानशिलं तापली. बिचारी ऐकत होती. अख्ख्या घरात माझं म्हणणं निमूट ऐकणारं ते एकच जनावर, आणि तेच माझ्यामुळे उपाशी. मला त्या सापाची इतकी दया आली की डोळ्यांत पाणी आलं.

"हुक कुठंय आता?" डार्सीने विचारलं.

"हातात."

"खाली ठेव."

"ठेवला."

"खाली म्हणजे खोलीबाहेर. मी ओळखतो तुला."

रॉसने माझ्या हातातून हुक काढून घेतला आणि ओसरीत नेऊन ठेवला.

"आता उंदीर पूस, कोरडा कर. काच हळू सरकव. चिमटा आत घाल आणि तिच्यापासून वीतभर लांब धर. हलवू नकोस. बोलू नकोस. तिला येऊ दे."

मी धरला. हलवला नाही, हे सांगायला सोपं आहे. मला खांद्यात कळ आली, नाकाला खाज सुटली, खिडकीचा पडदा वाकडा दिसायला लागला. पर्लने जीभ काढली. पुन्हा काढली. खोक्यातून तिचं डोकं बोटभर पुढे आलं आणि थांबलं. उंदीर जरासा पुढे सरकवावा म्हणून माझं मनगट नुसतं शिवशिवत होतं. फोनमधून डार्सीचा श्वास ऐकू येत होता. तोही जणू चिमटा धरूनच बसला होता.

मग मला काही दिसलंच नाही. धप्प असा आवाज झाला, चिमटा हातातून निसटला, आणि बघते तर उंदराभोवती पर्लची तीन वेटोळी.

"ऐकलं मी," डार्सी म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "ऐकलं. गुंडाळलंय ना?"

"गुंडाळलंय."

"काच लाव. चिमटा राहू दे आत. आता चार दिवस तिला हात लावायचा नाही, नाहीतर ओकून टाकेल."

"चार दिवस?"

"जमेल?"

"नाही," मी म्हणाले, आणि दोघंही हसलो. मग हसणं संपलं, आणि फोन ठेवायची वेळ झाल्यासारखं वाटायला लागलं.

"डार्सी," मी म्हणाले, "त्या दिवशी हॉलमध्ये माझं चुकलं."

"हीटर बंद पडला होता, नोली."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. "सात वर्षं झाली."

"सात वर्षं," तो म्हणाला. "आणि फोन नाही केलास."

"नाही केला."

पुढे तो काही बोलला नाही. मीही नाही. माझ्या तोंडात दहा वाक्यं तयार होती. तू तरी कुठे केलास, आई शेवटी काय म्हणाली माहीत आहे का, मी तुझा साप ठेवून घेतला ते काय उगाच, पाय दुखतो का, तिथे जेवण बरं देतात का, तुला भेटायला येऊ का. एकेक वाक्य ओठापर्यंत येत होतं. रॉसने माझ्या मागे खुर्ची सरकवली आणि खांद्याला धरून मला बसवलं. मी बसले. तोंड मिटून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. समोर पर्लने हळूहळू उंदराचं डोकं तोंडात घेतलं. फोनवरचे आकडे पुढे सरकत होते. दोन मिनिटं झाली. तीन झाली. तो फोन ठेवेल, असं मला प्रत्येक श्वासाला वाटत होतं.

"पाय काढला माझा, नोली," डार्सी म्हणाला. "डावा. तुला सांगायचं होतं."

मला टॅम्सिनने ते महिन्यापूर्वीच सांगितलं होतं.

"सांग ना," मी म्हणाले.