बावीस ड्रेसिंगचं गाणं

चिचगडात धानाची रोवणी लागली की बाया आधी बांधीतलं, शेताच्या वाफ्यातलं, पाणी पाहत नसत. भागीरथाबाई आली का, ते पाहत. भागीरथाबाई म्हणजे गुंजनची माय. तिचा आवाजच तसा होता. ती पुढं म्हणायची आणि ओळीनं वाकलेल्या पंधरावीस बाया मागून झेलायच्या. तिचं एक गाणं तर असं होतं की ते सुरू झालं की कंबर दुखते हे कुणाला आठवतच नसे.

"बांधी भरली काठोकाठ व, माय, पाहू किती मी तुही वाट व..."

"वाट व, वाट व!" सगळ्या बाया एका दमात.

शेजारची सुलोचनाबाई म्हणायची, "हिले नुसती धुऱ्यावर बसवा अन् गाऊ द्या. धानाचे परे आपले आपणच रोवले जातात!"

हे गाणं भागीरथाबाईला तिच्या मायनं दिलेलं. ती माय गेली तेव्हा मागं ना फोटो राहिला ना एखादं लुगडं. गाणं तेवढं राहिलं. गुंजननं मागच्या रोवणीत धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, उभं राहून ते फोनमध्ये भरून घेतलं होतं, उगाच, हौसेनं.

मग मे महिन्यात धान उकडताना चुलीवरचा गंज, धानाचं मोठं पातेलं, कलंडला आणि उकळतं पाणी भागीरथाबाईच्या उजव्या पायावर आलं. घोट्यापासून थेट गुडघ्यापर्यंत.

गोंदियाच्या दवाखान्यात मायजवळ राहायला गुंजनच आली. नववीचे पेपर संपले होते, सुट्या होत्या, आणि जवळच्या कुडव्याची मावशी डबा आणून द्यायची. दिवसभर माय शांत पडून असे. पण रोज सकाळी दहाला कॉरिडॉरमधून ड्रेसिंगच्या ट्रॉलीचं चाक कुईकुई करत यायला लागलं की तिचे ओठ पांढरे पडत. जुनी पट्टी काढताना ती अशी ओरडायची की गुंजन बाहेर जाऊन भिंतीला कपाळ टेकवून उभी राही. ज्या आवाजानं सगळं शिवार गाजायचं, त्याच आवाजाचं हे असं!

चौथ्या दिवशी पुष्पांजली सिस्टर म्हणाली, "ए लडकी, भागतेस कुठं? फोन आहे ना? काहीतरी गाणं लाव. ध्यान दुसरीकडं जातं, दुखणं थोडं कमी होतं. खरंच सांगते."

गुंजननं आधी सिनेमातलं लावलं. माय ओरडली, "बंद कर तो कल्ला!" मग भजन लावलं, काही फरक नाही. सिस्टरचा चिमटा पट्टीच्या टोकाला लागला आणि गुंजनच्या बोटाला घाईघाईत सापडलं ते रोवणीचं गाणं.

फोनमधून चिखलाचा पचपच आवाज आला. मग मायचाच आवाज. बांधी भरली काठोकाठ व...

भागीरथाबाईनं डोळे मिटले. ओठ हलले. पट्टी निघत होती, कपाळावर घाम होता, पण फोनमधल्या बायांबरोबर ती पुटपुटत होती, "वाट व, वाट व."

सिस्टरनं चिमटा ठेवला. "अरे वा रे, गाणेवाली डॉक्टर!"

झालं! गुंजनला स्वर्ग दोन बोटं उरला. शेजारच्या खाटांवरच्या बाया म्हणू लागल्या, "पोरी, माह्या पट्टीच्या टायमालेही येजो." चाकाची कुईकुई ऐकू आली की ती फोन घेऊन तयारच. ट्रॉली आत, गाणं सुरू. ट्रॉली बाहेर, गाणं बंद.

आठदहा दिवसांनी सिस्टरनं तिला बाजूला घेतलं. "सुन गुंजन. रोज तेच नको लावू. बदलत जा. आणि जे गाणं पेशंटला जिवापाड आवडतं ना, ते दुखण्याच्या टायमाला वापरूच नये. ते दुखण्याला चिकटतं."

"पर त्यानंच तर माय गप्प राहते, सिस्टर!"

"आत्ता राहते."

दुसऱ्या दिवशी गुंजननं दुसरं लावून पाहिलं. माय अशी किंचाळली की गुंजननं पुन्हा 'बांधी भरली'च लावलं. मग तिनं सिस्टरचं ऐकायचंच सोडून दिलं. सिस्टरला काय ठाऊक, आपल्या मायचं गाणं! त्यानंतर शेवटच्या, बाविसाव्या ड्रेसिंगपर्यंत माय एकदाही ओरडली नाही. फक्त गाण्याबरोबर पुटपुटणंही हळूहळू थांबलं होतं. ते मात्र गुंजनच्या ध्यानात आलं नाही.

जुलैत रोवणी लागली. डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत चिखलात पाय घालायला मनाई केली होती, तरी सुलोचनाबाई घ्यायला आलीच. "चिखलात कोन उतर म्हनते? धुऱ्यावर बस अन् गा. तुह्याबिगर रोवणी रोवणी वाटून नाई राहिली व!"

भागीरथाबाई हसली. कितीतरी दिवसांनी. हिरवं लुगडं नेसून, गुंजनच्या खांद्यावर हात ठेवून ती धुऱ्यावर येऊन बसली. बाया हातात परे, धानाची रोपं, घेऊन वाकल्या आणि वाट पाहू लागल्या.

"बांधी भर..."

तिथंच थांबली. तिनं पाय पोटाशी ओढून घेतला, दोन्ही हातांनी जखमेचा वण दाबून धरला.

"काय झालं व?"

"काही नाई." तिनं पुन्हा तोंड उघडलं. शब्द नाही, नुसता श्वास बाहेर आला. तेव्हा तिला मदत करायची म्हणून बायांनीच गाणं उचललं, मोठ्यानं, मजेत. पंधरावीस गळे एकदम. वाट व, वाट व!

"बंद करा!" भागीरथाबाई ओरडली. तोच आवाज. दवाखान्यातला, चौथ्या दिवसाआधीचा. "पट्टी काढून राहिले माही! बंद करा!"

गाणं तुटलं. सिस्टरचं बोलणं गुंजनला आत्ता कळलं.

"माय, मीच व... मीच लावून लावून..."

"तू कायले रडून राहिली?" भागीरथाबाई कपाळ पुसत म्हणाली. "दुखत होतं तवा तेच कामी आलं. त्यातच खर्चून गेलं ते." मग तिनं विचारलं, "तुले येते ना पुरं?"

गुंजननं मान डोलावली. दवाखान्यात रोज सकाळी ऐकलेलं. न येऊन कसं चालेल?

"मंग तू म्हन. माह्या मायचं हाय ते, बुडू नको देऊ. पर मले तलावाची पार ओलांडू दे आधी."

ती उठली. गुंजन धरायला धावली तर हात झटकला. लंगडत, धुऱ्याधुऱ्यानं ती निघाली. तलावाची पार, मातीचा तो उंच बांध, काही जवळ नव्हती. बाया परे हातात धरून उभ्या राहिल्या, कुणी घाई कर म्हटलं नाही. हिरवं लुगडं पारेवर चढलं, पलीकडे उतरलं.

"गेली," सुलोचनाबाई हळूच म्हणाली. "म्हन आता."

गुंजन तरी थांबली. वारा पारेकडेच वाहत होता; आवाज मायपर्यंत पोचला असता.

मग तिनं गाणं सुरू केलं, अगदी दबक्या आवाजात, आणि बायांनीही ते तसंच दबक्या आवाजात झेललं. त्या सालापासून चिचगडात हे गाणं कुणी मोठ्यानं म्हणत नाही.