गंजावरचा रंग

मुलुंडला आग्रा रोडवर मधुकर राण्यांचं मोटार दुरुस्तीचं गॅरेज होतं. हात कसबी, पण ‘गिऱ्हाइकाला वरचंच दिसतं’ ही धंद्यातली शिकवण त्यांच्या अंगात पुरती मुरली होती.

डॉक्टर अनुपमाबाईंनी रोग्यांना ने-आण करायला महायुद्धाआधीची एक डौलदार मोटार घेऊन त्यांच्याकडे दुरुस्तीला टाकली होती. तिचा खालचा लोखंडी सांगाडा गंजाने पोखरला होता. सडका भाग कापून नवी पट्टी वेल्डिंगने जोडायला हवी होती. मधुकररावांनी भोकांत गोणपाट कोंबलं, लांबीचा लगदा भरला, वर डांबर फासलं. वरचा काळा रंग मात्र असा चकाकला की झकास!

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या त्यांच्या पत्नीने, मृणालिनीने, वाकून पाहिलं.

“अहो, हे गोणपाट ना?”

“सगळेच करतात. काही होत नाही.”

“आणि झालं तर? लोकांना यातलं कळत नाही, म्हणून ते तुमच्यावर भरवसा टाकतात. त्याच भरवशाला फसवायचं?”

“तू घरचं बघ!”

इतक्यात दारात टांगा थांबला. आत धोंडू गवंड्याची बायको शेवंती कळांनी तळमळत होती. अनुपमाबाई तिला सावरत होत्या.

“मधुकरराव, मूल आडवं आलंय. ठाण्याला इस्पितळात न्यायलाच हवं, आणि हा घोडा थकलाय. गाडी तयार आहे ना?”

मधुकररावांनी चकाकत्या रंगाकडे पाहिलं. मृणालिनी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली.

“आहे,” ते बोलून गेले.

शेवंतीला मागच्या सीटवर निजवून अनुपमाबाई स्वतः गाडी चालवायला बसल्या. इंजिन धडधडलं, तिची किंकाळी उठली, गाडी हलली... आणि मधुकरराव तिला आडवे धावले!

“थांबा! उतरवा तिला! गाडी खालून कुजलीय, बाई. मी खोटं बोललो!”

“हे आत्ता सांगता?” अनुपमाबाई गाडीतून उतरत ओरडल्या.

मधुकरराव रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. भरधाव लॉरी करकचून ब्रेक लावत जेमतेम हातभर अंतरावर थांबली. ड्रायव्हरने शिवी हासडली. पण शेवंतीला पाहताच त्याने मागचं फळकूट खाली सोडलं.

शेवंतीला आणि अनुपमाबाईंना घेऊन लॉरी ठाण्याच्या दिशेने दिसेनाशी झाल्यावर मधुकररावांनी मोटारीला जॅक लावला. कर्रकन सांगाडा मोडला आणि मागची सीट होती तिथला तळ जमिनीला टेकला.

संध्याकाळी धोंडू धावत आला. मुलगी झाली होती. मायलेकी सुखरूप होत्या. मधुकररावांना रडूच फुटलं.

मग त्यांनी सडलेलं लोखंड कापून काढलं, निरोगी धातू लागेपर्यंत कापलं, आणि नव्या पट्ट्या जोडल्या. रंग द्यायच्या आधी अनुपमाबाईंना बोलावून म्हणाले, “बाई, आधी वाकून बघा.” बाईंनी पदर खोचला आणि खरंच वाकून पाहिलं.

वाचकहो, आपला देश नुकता उभा राहतो आहे. रस्ते, पूल, शाळा आपल्याच हातून घडायच्या आहेत. गंज झाकला की मरत नाही, वाढतो! जिथे कुणाची नजर पोचत नाही, तिथलं काम जो चोख करतो, तोच खरा नागरिक.