डबीतला खळगा

क्लॅरीचे बूट म्हणजे कूपर्स वेल गावात थट्टेचा विषय होता. तपकिरी, घोट्यापर्यंतचे, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक. अख्ख्या एका कातड्यातून कापलेले, शिवण काय ती मागे टाचेवर एकच. मेंढ्यांच्या वाड्यात तेच, चर्चमध्ये तेच आणि हॉलमधल्या नाचालाही तेच. "अरे, झोपताना तरी काढतोस का?" लोक विचारायचे, आणि हा गडी शांतपणे म्हणायचा, "ग्वेंडाला विचारा."

ग्वेंडा म्हणजे त्याची बायको. ती जाऊन आता चार वर्षं झाली.

बूट निवडले होते तिनंच. लग्नानंतरचा पहिला गहू विकला, तेव्हा दोघं खोगिरं शिवणाऱ्याच्या दुकानात गेली. क्लॅरीला एक माप मोठे हवे होते, थंडीत जाड मोजे मावतील म्हणून. ग्वेंडा खाली बसली, भर दुकानात तिनं त्याची टाच धरून गदागदा हलवली.

"बदकासारखा फताक फताक चालणार आहेस का? चामडं पायाबरोबर सैलावतं, शहाण्या, आवळत नाही! बोटांना मोकळं हवं, आणि टाच उचलता कामा नये. हेच घे."

पहिले आठ दिवस क्लॅरीनं बुटांना आणि बायकोला मनातल्या मनात यथेच्छ शिव्या घातल्या. नंतर बूट असे बसले, की पायात काही आहे हेच तो विसरायचा. त्याच दिवशी, त्याच दुकानातून, ग्वेंडानं स्वतःलाही तसलेच घेतले होते.

मग दर रविवारी संध्याकाळी ती व्हरांड्याच्या पायरीवर बसायची. ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, बूट सावलीत सुकू द्यायची. चुलीजवळ नेलेस तर याद राख, ही धमकी दर रविवारी ठरलेली. मग तंबाखूची जुनी डबी उघडायची. आत मेंढीची चरबी आणि घरच्या मधाच्या पोळ्यांचं मेण. किती चरबी, किती मेण, ते तिचं तिला ठाऊक. फडकंबिडकं काही नाही. डाव्या हाताचं मधलं बोट डबीत बुडवायचं आणि चोळत बसायचं. "हाताची ऊब लागल्याशिवाय मुरत नाही रे," म्हणायची. क्लॅरी बाजूला चहा पीत मेंढ्यांच्या भावाबद्दल बडबडत असायचा. काय सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या!

ती गेली तेव्हा डबी अर्धी भरलेली होती. आणि त्या चरबीत तिच्या बोटाचा खळगा होता, डावीकडून वळत गेलेला, कडेला नखाची रेघ.

क्लॅरी ती डबी फक्त उघडून बघायचा. कुणी आलं की झाकण लावून फळीवर ठेवायचा. दुकानातलं पॉलिश आणावं, तर मन घेईना. डबीत बोट घालावं, तर त्याहून घेईना. बूट बिचारे कोरडे पडत गेले. एका ओल्या दिवशी तर ह्यानं ते चक्क चुलीपाशी सुकवले. झालं, पंजाच्या वळीवर भेगा पडल्या. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला काय सांगणार?

त्या शनिवारी गावात मेळावा होता. गाव सोडून गेलेली सगळी माणसं दोन दिवसांसाठी परत यायची, संध्याकाळी हॉलमध्ये नाच. क्लॅरीची लेक जनीन ॲडलेडहून आली होती. दुपारी मेंढ्यांच्या पाण्याचा नळ फुटला, म्हणून क्लॅरी रबरी बूट चढवून रानात गेला. चामड्याचे बूट संध्याकाळसाठी दारात काढून ठेवले.

परत आला तो पायरीशीच थबकला. जनीन व्हरांड्यात बसली होती. बूट मऊ, गडद, नव्यासारखे झाले होते. शेजारी डबी उघडी. तळाचा पत्रा दिसत होता.

क्लॅरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी सांगितलं होतं हात लावायला? कुणी सांगितलं होतं?"

कुत्रं शेपूट घालून टाकीखाली पळालं.

"अरे बाबा, भेगा पडल्यात बुटांना! चार वर्षं उपाशी ठेवलंस चामडं, सगळी डबी पिऊन टाकली त्यांनी. मला वाटलं, नाचाला जाताना तुला बरं वाटेल."

"तुझ्या आईचं बोट होतं त्यात!"

जनीनला आधी काही कळेना. मग कळलं. ती आपल्या चकचकीत बोटांकडे बघत राहिली. "मला कसं माहीत असणार?" ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. पण बोलूनचालून ग्वेंडाचीच लेक. नाक पुसता पुसता तिचाही पारा चढला. "आणि आई काय म्हणाली असती, सांगू? फळीवर अर्धी डबी, आणि नवऱ्याच्या बुटांना भेगा! त्याच डबीनं टाळकं फोडलं असतं तिनं तुझं!"

खरंच फोडलं असतं. क्लॅरीला हसू आलं, आणि हसता हसता तो पायरीवर बसून ओक्साबोक्शी रडला. दफनाच्या दिवशीही इतका रडला नव्हता.

मग त्यानं डबी उचलली. कोपऱ्याकोपऱ्यांत थोडी चरबी चिकटलेली होती.

"तिचे बूट आण," तो म्हणाला.

व्हरांड्यातल्या बाकाखाली ग्वेंडाचे बूट पालथे ठेवलेले होते, आत कोळी शिरू नये म्हणून तिनं स्वतःच ठेवलेले. जनीननं ते आपटून झटकले.

"माझे आधी करायची ती," क्लॅरी म्हणाला. "मग बोटाला जे उरलंसुरलं असेल, ते स्वतःच्या बुटांना पुसायची. आणि मी चहा पीत बसायचो, जनीन. एकदाही तिचे बूट हातात घेतले नाहीत मी."

त्यानं आपलं जाडंभरडं बोट डबीत घातलं, कोपरे खरवडले आणि चोळायला लागला.

"थापतोयस काय असा? भिंत सारवतोयस का? हळू!" लेक ओरडली.

"बरं बाई," क्लॅरी म्हणाला, आणि हळू चोळू लागला. डबी लख्ख निघाली. ऊन कलेपर्यंत दोन्ही बूट मुरवून झाले.

"घाल बघू."

जनीननं पाय सरकवला. क्लॅरी कण्हत कण्हत गुडघ्यावर बसला, तिची टाच धरून त्यानं गदागदा हलवली.

"जरा घट्ट आहे रे."

"सैलावेल. टाच उचलत नाहीये, बस झालं. चल, उशीर होतोय."

हॉलच्या दारात अर्धं गाव हात मिळवायला उभं होतं. जो तो क्लॅरीचा हात धरायचा, "शी! कसला रे हा वास?" म्हणायचा आणि हात पँटला पुसायचा. क्लॅरीनं हात धुतले नव्हते.