बारवेच्या तोंडाशी उभी निळी पाटी

मी पाटी. शाळेतली नव्हे हो, सरकारी! निळं अंग, पांढरी अक्षरं. साखरखेर्ड्याच्या वाटेवरल्या एका आडगावात, जुन्या बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, तोंडाशी माझा मुक्काम.

चिखलीच्या पेंटरनं मला रंगवलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती. जुन्या वास्तू जपायच्या, लोकांना दाखवायच्या, असं सरकारनं ठरवलं नि माझा जन्म झाला. राज्य मराठी, पण माझ्या अंगावर सगळं इंग्रजी! गावात ते वाचणार कोण?

माझ्यासोबत कडूबाला राखणदार नेमलं, कच्च्या नोकरीवर. रोज सकाळी तो धोतराच्या सोग्यानं मला पुसायचा. एवढे लाड पेंटरनंही केले नव्हते.

एकदा निरोप आला, पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब येणार. बारव त्यांच्या मनात भरली तर एसटीचा थांबा होईल, लोक पाहायला येतील, कडूबाची नोकरी पक्की होईल. झालं! पठ्ठ्यानं तीन दिवस खपून सगळे कोरीव दगड चुन्यानं पांढरेफेक केले. भिंतीत कोरलेला हत्तीसुद्धा सोडला नाही. मी जीव तोडून ओरडत होते, 'अरे, हेच करू नको म्हणून लिहिलंय माझ्यावर!' पण पाटीचं कोण ऐकतो?

वामनराव साहेब आले आणि मटकन पायरीवर बसले. "हे काय केलंस रे?"

"साहेब, घरी पाव्हने येनार असले त आपन चुना लावतोच नं?"

"ही पाटी नाही वाचलीस?"

"मले वाचता येत नाही, साहेब. पन रोज पुसतो मी तिले."

साहेब उठून माझ्याजवळ आले. मग त्यांनी माझी एकेक ओळ त्याला मराठीत सांगितली. 'वास्तू बिघडवणाऱ्याला कैद' हे ऐकताच कडूबानं हात जोडले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काथ्या घे, पाणी घे, हळू हातानं धू," साहेब म्हणाले. "शेवटचा चुना निघेपर्यंत तू कामावर. मग पाहू."

याला सात वर्षं झाली. एसटी आता थांबते, लोक येतात. माझी अक्षरं उडाली, पण कडूबा माझी ओळन् ओळ लोकांना तोंडपाठ म्हणून दाखवतो, वर सांगतो, "पयला गुन्हा म्याच केला हो!" साहेबांची बदली झाली, हुकूम मात्र तोच आहे.

तुम्हीही या. पायऱ्या जपून उतरा, दगडांवर नावं कोरू नका. आणि एवढं ऐका माझं, त्या हत्तीच्या डाव्या कानात वाकून पाहू नका. तिथं चिमूटभर चुना आहे. कडूबा रोज सगळी बारव धुतो, तेवढा कान सोडून.