घरात माणसं किती

हुबळीत घर शोधताना पहिला प्रश्न नेहमी तोच यायचा. "घरात माणसं किती?"

"तीन," महादेवराव सांगायचे. "मी, मुलगा आणि सून." अनोळखी दाराची कडी वाजवणे हेच त्यांना जड जायचे. आयुष्य अळणावरला एका लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिण्यात आणि उरलेला वेळ पोथ्या-पुस्तके वाचण्यात गेला होता. आता वखार बंद झाली होती आणि वखारीचे घर महिनाअखेर सोडायचे होते. मुलगा हणमंत हुबळीत एका कापडाच्या दुकानात लागला होता आणि दुकानाच्याच माडीवर गड्यांबरोबर निजत होता. त्याला दिवसा सुटका नव्हती. म्हणून घर शोधणे म्हाताऱ्यावर आले.

खरे तर चौथे माणूस वाटेवर होते, आणि भीती तीच होती. विमलचे हे तिसरे बाळंतपण. पहिली दोन मुले जगली नव्हती; दुसऱ्या वेळी तीसुद्धा जेमतेम वाचली होती. तिला आई नव्हती, त्यामुळे माहेर असून नसल्यासारखे. छप्पर मिळाले नाही तर ही पोर बाळंत कुठे होणार, हा विचार महादेवरावांना वाचताना ओळीच्या मध्येच गाठायचा. मग एकच पान ते पुन्हा पुन्हा वाचत बसायचे.

मराठी वस्तीत पहिल्याच घरमालकिणीने दाराआडून विचारले होते, "सून पोटुशी आहे का?"

महादेवरावांनी मान खाली घातली. ती काय ते समजली.

"मग नको बाई. विहीर एकच, देवघराला लागून भिंत. दहा दिवस सोयर कोण सांभाळणार? आणि काही वाकडंतिकडं झालं, तर त्या खोलीत पुढं कुणी राहायला यायचं नाही."

'वाकडंतिकडं' हा शब्द घेऊन ते गल्लीभर चालले. पुढच्या घरांत तो प्रश्न कुणी विचारला नाही, पण भाडी ऐकूनच त्यांना परत फिरावे लागले.

जुन्या हुबळीत गंगव्वा नावाच्या लिंगायत विधवेची मागची खोली आणि पडवी मात्र परवडण्यासारखी होती. इतकी, की महादेवरावांना संशय आला. पण विचारायचे कसे? भिंतींना ताजा चुना दिलेला होता. गंगव्वा सुपात जोंधळे पाखडत बसली होती. हुबळीतल्या बऱ्याच जणांसारखी तिलाही मराठी येत होती.

"माणसं किती, अण्णा?"

"तीन."

"लहान पोरं?"

"नाहीत," ते म्हणाले. खोटे नव्हते ते. पुढचे वाक्य ओठांपर्यंत येऊन तिथेच थांबले. सुनेला दिवस गेलेत, हे परक्या बाईला सासऱ्याने कसे सांगायचे? हणमंतशीसुद्धा त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता. विमल समोर आली की त्यांची नजर आपोआप जमिनीकडे जायची.

"अमावस्या होऊ द्या, मग या," गंगव्वा म्हणाली.

अमावस्येनंतर ते विमलला घेऊन सकाळच्या गाडीने हुबळीला उतरले. स्टेशनावर सटवाजी नावाच्या टांगेवाल्याने दोन ट्रंका, वळकट्या आणि तांब्याचा हंडा टांग्यात रचला. दारापुढे टांगा थांबला. विमल दांडीला धरून, एकेक पाय टाकत खाली उतरली. गंगव्वा उंबऱ्यात उभी होती. तिने आधी विमलकडे पाहिले, मग महादेवरावांकडे.

"सटवाजी, सामानाला हात लावू नको," ती म्हणाली. "अण्णा, हे त्या दिवशी का नाही सांगितलं?"

महादेवराव चाचरले. "सोयर... वाटलं, तुम्हालाही..."

"आमच्यात सोयर पाळत नाहीत. ते सोडा. काखेत पुस्तक घेऊन हिंडता. सून बाळंत व्हायची आहे एवढं म्हणायला तोंड शिवलं होतं का?"

सटवाजीने तोंड फिरवून हसू लपवले. गंगव्वा मात्र हसत नव्हती.

"त्या मागच्या खोलीत माझी लेक नीलव्वा गेली," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पोर आडवं आलं होतं. सुईण आपली म्हणत राहिली, होईल, होईल. तेव्हापासून खोली बंद होती. म्हणून तर भाडं कमी. मला तसलं पुन्हा बघायचं नाही, अण्णा. ऐकायचंसुद्धा नाही."

"मग आम्ही कुठं जावं?" महादेवरावांनी विचारले.

गंगव्वाने दांडीला धरून उभ्या असलेल्या विमलकडे पाहिले. "कोपऱ्यावर सरकारी दवाखाना आहे. तिथल्या नर्सबाईला जाऊन सांगा. तुम्ही स्वतः, तोंडानं. ती बाळंतपणाला येते म्हणाली, तर सामान उतरेल. हिला मी माझ्या खोलीत निजवीन, मागच्या खोलीत मी जाईन. नाही म्हणाली, तर टांगा उभाच आहे."

दवाखान्यात बाकावर सगळ्या बायका. महादेवराव दाराशी टोपी सारखी करत उभे राहिले. परत जाऊन 'नर्सबाई भेटल्या नाहीत' म्हणावे, असेही त्यांच्या मनात येऊन गेले.

"काय होतंय, आजोबा?" नर्सबाईंनी विचारले. "पोट दुखतंय?"

बाकावरच्या बायका हसल्या.

"मला नाही," महादेवराव म्हणाले. "माझी सून बाळंत व्हायची आहे." शब्द बाहेर पडले, तरी काहीच कोसळले नाही.

"कितवं?"

"तिसरं. आधीची दोन गेली."

नर्सबाईंनी लिहिणे थांबवले. "डोकं दुखतं का तिचं? डोळ्यांपुढं अंधारी येते? तोंड सुजलंय?"

काय सांगणार? लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिचे तोंड नीट पाहिले नव्हते. पाय मात्र रोज दिसायचे. आज सकाळी ती डब्यातून उतरली, तेव्हा वहाणा हातात होत्या आणि बोटांत जोडवी नव्हती. जोडवी जिथे असायची तिथे मांस वर आले होते.

"पाय सुजलेत," ते म्हणाले. "जोडवी काढावी लागलीत."

"तिला आत्ताच आणा. चालवू नका, गाडीत घालून आणा."

"पण दिवस अजून भरले नाहीत."

"म्हणूनच म्हणते, आजोबा. जा."

ते जवळजवळ धावतच आले. दारापुढे टांगा नव्हता. पडवीत ट्रंका, वळकट्या, हंडा ओळीने मांडलेले. गंगव्वा पाण्याचा तांब्या घेऊन आतून आली.

"सांगितलंत?"

"टांगा कुठाय?"

"घालवला. पोर बसल्या बसल्या कलंडत होती. तुमची वाट बघत तिला काय उन्हात ठेवू? उजेड सोसत नाही म्हणते. काय म्हणाली नर्सबाई?"

महादेवराव गल्लीकडे वळले. टांगा वळणापाशी पोचला होता. रस्त्यात आवाज चढवायची त्यांना कधी वेळ आली नव्हती. पहिली हाक घशातच राहिली. दुसरी निघाली, पण घुंगरांत बुडाली. तिसऱ्या हाकेला घराघरांतून माणसे बाहेर आली, आणि मग कुणीतरी कन्नडमध्ये ओरडले, कुणी टांग्यामागे पळाले. सटवाजीने लगाम ओढला. अरुंद गल्लीत टांगा वळवता वळवता चाक भिंतीला घासत होते, आणि महादेवरावांना तो वेळ संपेनासा झाला.

ते आत आले. गंगव्वाने विमलला एका बाजूने धरून उठवले होते. "ऊठ यव्वा, थोडंच चालायचं," ती पुटपुटत होती. विमलने डोळ्यांवरचा पदर काढला. चेहरा सुजून केवढा झाला होता, डोळे पार आत गेले होते.

"मामंजी, परत जायचं का?" तिने विचारले. "घर नाही मिळालं?"

"मिळालं," महादेवराव म्हणाले. "आधी दवाखाना."

तिची दुसरी बाजू धरायला आत दुसरे कुणी नव्हते. त्यांनी तिचा हात मनगटावर घट्ट धरला आणि दोघांनी मिळून तिला टांग्यात चढवले. ते तिच्या शेजारी बसले आणि मग त्यांनी हात सोडला. त्यांची चार बोटे जिथे टेकली होती, तिथे तिच्या सुजलेल्या मनगटावर चार खळगे पडले होते. टांगा सुटला तरी ते भरून आले नव्हते.