टेकचंदच्या हातात काय द्यायचं

चंद्रभागाबाईंचं पत्र आलं तेव्हा पोळा नुकताच होऊन गेला होता. केवळरामजींनी त्याला उत्तर दिलं नाही. द्यायचं नव्हतं असं नाही. सिहोऱ्याच्या वाचनालयाचं कुलूप काढलं, की ते टेबलावर आंतर्देशीय पत्र पसरायचे, "आदरणीय वहिनींस" एवढं लिहायचे आणि पेनाचं टोपण चावत बसायचे. "आदरणीय" फार कोरडं झालं का? "वहिनी" म्हणायचा आपल्याला हक्क तरी उरला आहे का? तेवढ्यात कोणी पेपर वाचायला यायचं, आणि केवळरामजी सुटका झाल्यासारखे ते पत्र पुस्तकाखाली सरकवायचे.

चंद्रभागाबाईंनी मात्र काही चावत न बसता लिहिलं होतं. पवनीकडच्या आसगावात, भावाच्या घरी राहून म्हातारपणी त्या लिहायला शिकल्या होत्या. अक्षर पोरासारखं मोठं, आणि बोलायच्या तसंच लिहिलेलं:

"केवळराम भाऊजी, मंडईत तुमी त्यायचं नाटक करून राहिले असं कानावर आलं. एकच विचारते. मरतानी त्यायच्या हातात काय देणार? बंदूक देसान तर याद ठेवा. त्यायनं बंदूक धरली नाही. ते जहाजावर सैपाक करत. मले ताप आला तवा माझ्या सासूच्या देखत त्यायनं मले पेज करून पाजली होती, तवापासून घरात त्यायले बायको म्हणत. ते मेले आन् तुमच्या गावानं मले पांढऱ्या पायाची म्हणून तेराव्याच्या आत माहेरी धाडलं. तुमी तवाही दारात उभे होते, बोलले नाही. आता बंदूक देसान तर मी मंडईत येईन आन् सगळ्यायसमोर ती हिसकून घेईन. उत्तर पाठवा."

चंद्रभागाबाईंचा नवरा टेकचंद आणि केवळराम शाळेत एका बाकावर बसायचे. टेकचंदने वैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं, तरी तो आरमारात भरती झाला. पुढे महायुद्ध लागलं. एका पहाटे आपला ताफा बंदरात नांगर टाकून उभा होता. तोफांवर ताडपत्र्या घातलेल्या, अर्धी पोरं झोपलेली. उगवत्या सूर्याला पाठीशी घेऊन, समुद्राला पोट घासत शत्रूची विमानं आली. भोंगा वाजेपर्यंत पहिला बॉम्ब पडून गेला होता. टेकचंदचं जहाज नांगरलेलंच बुडालं. गावात तार आली, माणूस आला नाही.

पन्नासावर वर्षं झाली त्याला. केवळरामजींनी तेवढी सगळी वर्षं मिळेल तिथून पुस्तकं आणून अशा हल्ल्यांबद्दल वाचलं. कोणी बोलतं केलं असतं तर ते तासभर सांगू शकले असते, पण त्यांना कोणी बोलतं करत नसे आणि ते आपणहून बोलत नसत. शेवटी त्यांनी दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी नाटक लिहिलं. त्यात पहिल्यांदा टेकचंदच्या हातात झाराच होता.

दसऱ्याच्या आधी राईस मिलच्या ऑफिसात वाचन झालं. मिल भैय्याजींची, म्हणजे टेकचंदच्या धाकट्या भावाची. मंडईच्या नाटकाचा सगळा खर्चही त्यांचाच. त्यांचा मुलगा अमर नाट्यमंडळाचा अध्यक्ष. लाइट आणि आवाज सांभाळणारा अश्वजित कोपऱ्यात पत्र्याच्या विमानाला पंख ठोकत बसला होता.

चौथा अंक संपला तसे भैय्याजी म्हणाले, "झालं?"

"हो."

"तोफ सोडून नाटक सैपाकघरात कायले नेलं जी?"

"टेकचंद पहाटे तिथंच असायचा. पोरांचा भात..."

"तुमी पायलं?"

हाच प्रश्न केवळरामजी स्वतःला इतकी वर्षं विचारत आले होते. कोणी पाहिलं होतं? शेवटच्या क्षणी टेकचंदने झारा फेकून बंदूक उचललीही असेल. आपण कोण सांगणारे?

"काकाजी," अमर म्हणाला, "आपण तारेवरून इमानं सोडून राहिलो. फटाके, धूर, सगळं. चार गावचे लोक येतीन, पाहुणे येतीन. आन् हिरो काय करून राहिला? तर भात ढवळून राहिला! लोक चपला मारतीन ना."

"वरण बी ठेवा मंग," अश्वजित खिळे तोंडात धरून म्हणाला. "नुसता भात कोन खाईन?"

सगळे हसले. भैय्याजी हसले नाहीत.

"भावाच्या नावानं कमान बांधली म्या. तिच्यावर बंदूक कोरली. आमच्या घरचा बाप्या चुलीपाशी जात नाही, आन् तुमी त्याले झारा धरून मारता?" ते उठून दारापर्यंत गेले आणि तिथून, जणू वेगळंच काही आठवलं असं, बोलले, "ते वाचनालयाची खोली मिलचीच हाय ना? यंदा धानाले जागा पुरून नाही राहिली."

केवळरामजी काही बोलले नाहीत. न बोलण्याचा गावात एकच अर्थ होतो, तो सगळ्यांनी घेतला. आठवडाभरात त्यांनी स्वतःच्या हाताने चौथा अंक बदलला. टेकचंदच्या तोंडी वाक्य आलं, "या रे भेकडांनो, भंडाऱ्याच्या वाघाची गोळी खा!" लिहिताना त्यांना इतकी लाज वाटली, की त्यांनी दार आतून लावून घेतलं होतं.

दिवाळी झाली. कापणी उरकून शेतात कापलेल्या धानाचे ढीग, पुंजणे लागले, आणि मंडईचा दिवस आला. पाळणे, जिलेबी, गोवारी गुराख्यांचा नाच. मिलच्या मागच्या, धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत स्टेज उभं राहिलं होतं. टेकचंदचं काम करायला वडशाहून धनंजय नावाचा हिरो ठरवला होता. तो दिवेलागणीला मोटरसायकलवर आला, पाय धुतले, चहा मागितला आणि विचारलं, "नाटकाचं नाव काय जी?"

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत याचं कोणाला नवल वाटत नाही. मोठा नट एका हंगामात एवढी नाटकं करतो, की पाठ करायला त्याला फुरसत कुठली? विंगेत प्रॉम्प्टर बसतो, तो हळू आवाजात वाक्य देतो, आणि नट ते उचलून पार शेवटच्या माणसापर्यंत फेकतो. ऐकता ऐकता रडतो, हसतो, मिशीला पीळ देतो. पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही. इथे प्रॉम्प्टर केवळरामजीच होते. लोकांपुढे न जाता नाटकात राहायची तेवढी एकच जागा होती.

"तुमी मांगून बोला, मी समोरून बोलतो," धनंजय त्यांना म्हणाला. "फक्त अडखळू नका. तुमी अडखळले का मी मेलो."

नाटक रंगलं. केवळरामजी वाक्यं देत होते, आणि मध्येच पडद्याच्या फटीतून बायकांच्या बाजूला पाहत होते. पांढऱ्या केसांची कोणी दिसली की फटीपासून मागे सरायचे. चंद्रभागाबाई आल्या नव्हत्या. गुडघ्यांनी येऊ दिलं नसेल, किंवा उत्तरच आलं नाही म्हटल्यावर या गावाची पायरी नको असं त्यांना वाटलं असेल. केवळरामजींना आपलं बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला.

चौथा अंक त्यांनी मुद्दाम अशा बेताने ठेवला होता, की पडदा उघडेल तेव्हा खरोखरच उजाडत असेल. तसंच झालं. स्टेजमागे आभाळ तांबूस झालं. पुढच्या रांगेत शाल पांघरून भैय्याजी आणि पाहुणे. मिलचा भोंगा वाजला, खराखुरा, कानठळ्या बसवणारा, आणि अश्वजितने विमानं सोडली. पत्र्याची तीन विमानं तारेवरून किंचाळत लोकांच्या डोक्यावरून आली. बायका ओरडल्या, पोरं उभी राहिली. फटाके फुटले, धूर झाला. आजूबाजूचे खलाशी ठरल्याप्रमाणे पडले. धनंजय लाकडी बंदूक घेऊन मधोमध उभा राहिला आणि त्याने कान विंगेकडे केला.

केवळरामजींचं बोट वाक्यावर होतं. "या रे भेकडांनो." वाचायचं, एवढंच. समोर धुरात बंदूक घेतलेला माणूस टेकचंदसारखा मुळीच दिसत नव्हता. भैय्याजींच्या कमानीसारखा दिसत होता.

"मास्तर," धनंजय ओठ न हलवता म्हणाला, "बोला ना."

केवळरामजींनी वही मिटली.

"धर रे ही बंदूक," ते म्हणाले. "माझा भात चुलीवर आहे."

धनंजयची मान अर्धवट वळली. पण सवय मोठी असते. त्याने वाक्य उचललं आणि छातीतून फेकलं, "धर रे ही बंदूक! माझा भात चुलीवर आहे!" शेजारी मेलेल्या खलाशाच्या अंगावर त्याने बंदूक ठेवली. खलाशाने गोंधळून एक डोळा उघडला.

"पोरं रात्रभर पहाऱ्यावर उभी आहेत."

"पोरं रात्रभर पहाऱ्यावर उभी आहेत रे!"

"उपाशी पोटी लढायला लावू का त्यांना?"

धनंजयने ते वाक्य असं म्हटलं, की केवळरामजींच्याच अंगावर काटा आला. आता त्याचा हात रिकामा होता, आणि त्या रिकाम्या हाताचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. विंगेमागे चुलीवर कलावंतांच्या जेवणाची मोठी गंजी होती, त्यात स्वयंपाक करणाऱ्या धुरपताचा झारा. केवळरामजींनी तो ओढून काढला आणि विंगेच्या बाहेर धरला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत त्यांचा हात उजेडात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हात इतक्या लोकांनी पाहिला असेल. धनंजयने झारा घेतला. वरून राखून ठेवलेलं शेवटचं विमान आलं, धडाका झाला, आणि तो झारा धरूनच कोसळला.

भोंगा वाजतच होता. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, हा तं सैपाकी निंगाला!" हशा उसळला. कोणी शिट्टी मारली, कोणी "भात दे बे, भात!" म्हणालं. पण सगळे हसले नाहीत. पुढच्या बाजूची म्हातारी माणसं, ज्यांनी टेकचंदला पाहिलं होतं, ती एकमेकांकडे न पाहता खाली पाहत होती.

पडदा पडायच्या आतच भैय्याजी विंगेत आले.

"नाक कापलं तुमी माझं! पाहुण्यायसमोर! माझ्या भावाले गावभर सैपाकी केलं!"

"होता तो," केवळरामजी म्हणाले.

"काय?"

"सैपाकी होता तो."

आवाज इतका बारीक होता, की भैय्याजींना तो भोंग्यात ऐकू आला की नाही कोण जाणे. पण अमरला आला. त्याने केवळरामजींच्या हातातली वही हिसकली आणि फाडली. धनंजय मिशी उतरवत मध्ये पडला, "राहू द्या ना जी, सीन पडला नाही," तर त्यालाही चार शिव्या बसल्या. धुरपता आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझा झारा कोनं नेला जी? लोकायले वाढू कायनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी केवळरामजी वाचनालयात गेले तेव्हा दाराला नवं कुलूप होतं. पुस्तकं व्हरांड्यात फेकलेली, काही पालथी, काही दवात भिजलेली. मिलचा हमाल धानाची पोती आणून टाकत होता आणि वर बघत नव्हता. केवळरामजी पायरीवर बसले. एकेक पुस्तक उचलून पान पुसू लागले. हे आपल्या हातून झालं तरी कसं, असं त्यांना पुन्हा पुन्हा वाटत होतं. टेकचंदने खरंच बंदूक उचलली असेल तर? पण मग त्यांना तापातली पेज आठवली, आणि तेराव्याच्या आत बैलगाडीत बसवलेली ती बाई आठवली. निदान ते तरी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

एका पुस्तकाखाली आंतर्देशीय पत्र सापडलं. "आदरणीय वहिनींस" एवढंच लिहिलेलं. त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि या वेळी टोपण न चावता लिहिलं:

"तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. टेकचंदच्या हातात झारा होता. आधी बंदूक होती, ती त्याने खाली ठेवली. लोक हसले. काही हसले नाहीत. भैय्याजी माझ्यावर चिडले आहेत आणि आता कायमचे चिडलेले राहतील. तुम्ही याल म्हणून मी रात्रभर बायकांच्या बाजूला पाहत होतो. त्या वेळी दारात मी बोललो नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलं आहे. तुमचा, केवळराम."

पोस्टाची पेटी कमानीजवळ होती. वर सिमेंटची बंदूक. पानटपरीवर अमर दोस्तांबरोबर उभा होता.

"काकाजी, कोनाले लिवता? भात कच्चा राहिला म्हून?"

दोस्त हसले. केवळरामजींचे कान तापले, पाय नेहमीप्रमाणे मागे वळायला बघू लागले. "आदरणीय" खोडायला हवं होतं का, हेही मनात आलं. पत्र त्यांनी पेटीच्या फटीत धरून ठेवलं होतं.

"तुझ्या काकूला," ते अमरकडे न वळता म्हणाले, आणि पत्र सोडलं.